फायनल बघायला तिकीट लावावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकची पाच-सहा मुलं तीन वर्षांपासून बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या गेमच्या स्पर्धा घेतात आणि सामने यूट्यूबवर फुकट दाखवतात. खर्च एका स्थानिक प्रायोजकाच्या आणि स्वतःच्या खिशातून भागायचा. यंदा प्रायोजकाने हात वर केले. म्हणून फायनलचा पाच तासांचा दिवस 49 रुपयांच्या पे-पर-व्ह्यूवर, म्हणजे बघायचे पैसे घेऊन, दाखवावा, असं त्यांच्या मनात आहे. चालेल का, आणि दर किती ठेवावा, असं त्यांनी विचारलंय.

माझं उत्तर आधीच सांगतो. सामना बघण्यावर पैसे लावू नका. पैसे मात्र जरूर मागा, न लाजता मागा, पण दुसऱ्या गोष्टीचे मागा. कोणत्या, ते पुढे येईल. आधी ‘नको’ का म्हणतोय ते नीट सांगायला हवं, कारण स्पर्धांच्या थेट प्रक्षेपणाचं काम मी बरीच वर्षं करतोय आणि हा प्रयोग मी स्वतः करून बसलोय.

तुमच्या आधी हे करून बघणारे लोक लहान नव्हते. 2012 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या मेजर लीग गेमिंगने, म्हणजे एमएलजीने, ‘विंटर अरेना’ ही स्टारक्राफ्ट 2 या कॉम्प्युटर गेमची स्पर्धा न्यूयॉर्कमध्ये घेतली आणि ती बघायला 20 डॉलर लावले. खेळाडू जगातले अव्वल होते, प्रक्षेपण उत्तम होतं, आणि स्टारक्राफ्टचा प्रेक्षक तेव्हा सगळ्यात निष्ठावान मानला जायचा. तरीही मोठा गदारोळ झाला. एमएलजीचे प्रमुख सनडान्स डिजिओव्हानी चाहत्यांशी थेट बोलत राहिले, स्पर्धा भरवायला काय खर्च येतो ते सांगत राहिले. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, खर्च खराच होता. पण पुढच्या अरेनाला दर 10 डॉलरवर आला आणि काही काळाने हा मार्गच बंद झाला. का? शेजारच्या टॅबमध्ये सगळं फुकट होतं म्हणून. ट्विच ही गेमचे सामने फुकट थेट दाखवणारी साइट 2011 च्या जूनमध्ये सुरू झाली होती. 2013 पासून रायट कंपनीने लीग ऑफ लेजेंड्स या आपल्या गेमची स्वतःची लीग सुरू केली आणि ती सगळ्यांना खुली ठेवली. रायटला सामन्यातून कमवायचंच नव्हतं. सामना बघून पोरं गेम खेळतील आणि गेममध्ये स्किन, म्हणजे पात्रांचे पोशाख, विकत घेतील, एवढं त्यांना पुरेसं होतं. ज्याच्यासाठी सामना ही जाहिरात आहे, त्याच्या शेजारी तुम्ही सामना विकायला बसलात तर गिऱ्हाईक कुठे जाणार?

मग मुष्टियुद्धाला लोक पैसे कसे देतात, असं तुम्ही म्हणाल. 2 मे 2015 ला मेवेदर-पॅकियाओ लढत अमेरिकेत घरी बसून बघायला साधारण 90 ते 100 डॉलर पडत होते आणि 46 लाख घरांनी ते दिले. पण त्या लढतीची लोक पाच वर्षं वाट बघत होते, ती एकदाच होणार होती आणि बघायला दुसरी वाट नव्हती. आपल्याकडे फायनल दर शनिवार-रविवारी कुठे ना कुठे असतेच. तेच संघ, तेच इरांगेल आणि मिरामारचे नकाशे. तुमची फायनल तुमच्यासाठी वर्षातून एकदा येते, प्रेक्षकासाठी नाही. हे कटू वाटेल, पण पे-पर-व्ह्यूचा सगळा डोलारा दुर्मिळपणावर उभा असतो, आणि तो आपल्याकडे नाही.

आता माझा अनुभव. काही वर्षांपूर्वी एका छोट्या आयोजकासाठी आम्ही फायनल तिकिटावर दाखवली होती. लॉगिनचं पान केलं, पेमेंट जोडलं, दोन दिवस चाचण्या केल्या. पहिला सामना सुरू होऊन दहा मिनिटं झाली नसतील, तेवढ्यात टीममधल्या एकाने मला फोन दाखवला. कुणीतरी लॅपटॉपच्या पडद्यासमोर मोबाइल धरून आमचीच फायनल लाइव्ह सोडली होती. चित्र तिरकं, वर पंख्याची घरघर, मधूनच त्याची आई जेवायला हाक मारतेय. आणि आमच्या अधिकृत प्रक्षेपणापेक्षा तिथे माणसं जास्त होती. तक्रार केली, ते बंद पडलं, लगेच दुसरं सुरू झालं. तिकडे सपोर्टच्या व्हॉट्सअॅपवर मेसेजचा पाऊस: पैसे कापले पण पान उघडत नाही, एकाच तिकिटावर भावाच्या मोबाइलवर का चालत नाही, स्ट्रीम अडकतेय, पैसे परत द्या. माझ्या दोन उत्तम ऑब्झर्व्हरपैकी, म्हणजे पडद्यावर कोणत्या खेळाडूचं चित्र दाखवायचं ते ठरवणाऱ्यांपैकी, एकाला मी त्या दिवशी मेसेजना उत्तरं द्यायला बसवलं. त्यामुळे शेवटच्या सर्कलमधली, म्हणजे खेळायची जागा आक्रसत उरलेल्या शेवटच्या वर्तुळातली, सगळ्यात चांगली झटापट पडद्यावर आलीच नाही. ज्यांनी पैसे दिले त्यांनाच वाईट सामना दिसला. ते मला अजून खटकतं.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली. ओळखीच्या एका गेमिंग कॅफेत अकरा मुलांनी मिळून एक तिकीट काढलं होतं. मला त्यांचा राग आला नाही. सामना असाच बघायचा असतो, आरडाओरडा करत, एकमेकांच्या खांद्यावरून. पण तुमच्या वहीत ती अकरा माणसं एक म्हणून लिहिली जातात. उद्या नवा प्रायोजक ‘बघणारे किती?’ विचारेल, तेव्हा तुमच्याकडे दाखवायला तोच छोटा आकडा असेल.

आता हिशोब मांडू, कारण बहुतेक लोक इथेच चुकतात. यूट्यूबवर तुम्ही दाखवता तेव्हा डेटा पोचवण्याचा खर्च यूट्यूब उचलतं. ते तुम्हाला दिसत नाही म्हणून फुकट वाटतं. स्वतःच्या पानावर तिकीट लावलंत की हा खर्च तुमचा. 1080पीची चांगली स्ट्रीम 6 एमबीपीएसने जाते. तासाला 2.7 जीबी, पाच तासांत 13.5 जीबी, तेही एका माणसामागे. डेटा पोचवणाऱ्या सेवेचा दर जीबीमागे 3 रुपये धरला, तर माणशी चाळीस रुपये झाले. आता 49 रुपयांकडे बघा. जीएसटी नोंदणी असेल तर 18 टक्के त्यातून गेले, उरले साडेएक्केचाळीस. पेमेंट गेटवेचा साधारण 2 टक्क्यांचा कट गेला, उरले चाळीसच्या आसपास. म्हणजे ज्याने पूर्ण फायनल उत्तम चित्रात बघितली, त्याच्याकडून तुम्हाला जवळपास शून्य मिळालं. चित्राचा दर्जा 720पीवर, अडीच एमबीपीएसवर आणलात तर डेटाचा खर्च सतरा रुपयांवर येतो आणि हातात तेवीस उरतात. पण पैसे देणाऱ्याला फुकटवाल्यापेक्षा कमी दर्जाचं चित्र द्यायचं? तुमच्या तीन वर्षांच्या यूट्यूबच्या सवयीनंतर ते कुणालाही पटणार नाही. अॅपमधून विकायचं म्हटलं तर प्ले स्टोअरचा वाटा आणखी वेगळा. दर 99 केला तर गणित सुधारतं, पण घेणारे घटतात आणि पंख्याच्या घरघरीत बघणारे वाढतात.

आपल्या प्रेक्षकाला पैसे द्यायची सवयच नाही, असं मी म्हणत नाही. ते खरं नाही. पण तो कशाला पैसे देतो ते बघा. 2023 ते 2027 च्या आयपीएलच्या डिजिटल हक्कांसाठी वायाकॉम18 ने 23,758 कोटी मोजले आणि 2023 चा हंगाम जिओसिनेमावर फुकट दाखवला. फायनलला एका वेळी 3.2 कोटी लोक होते. 2025 मध्ये जिओहॉटस्टारवर पैसे लागले, तेही अनेकांना मोबाइलच्या रिचार्जबरोबर मिळाले. घरबसल्या एकच सामना बघायला पैसे भरायची सवय क्रिकेटनेसुद्धा लावलेली नाही. तोच माणूस कालिदास कलामंदिरात नाटकाला तीनशेचं तिकीट काढतो, आवडत्या स्ट्रीमरला यूट्यूबच्या सुपरचॅटने पैसे पाठवतो, यूसी हे गेममधलं चलन विकत घेतो. पैसे आहेत. त्याला त्या बदल्यात काहीतरी हातात हवं असतं, किंवा आपलं नाव कुणीतरी घ्यायला हवं असतं.

मी जुन्नर तालुक्यातला. नारायणगावला तमाशाच्या राहुट्या लागतात. गुढीपाडव्याच्या आसपास गावोगावचे पंच तिथे येऊन यात्रेसाठी फड ठरवतात, सुपारी देतात, आणि यात्रेच्या रात्री सगळं गाव फुकट बघतं. तेच फड इतर दिवसांत तंबू ठोकून तिकिटावर खेळ लावतात. दोन्ही पद्धती एकाच धंद्यात शेजारी शेजारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. तंबूला कनात असते, दारावर माणूस असतो, म्हणून तिकीट चालतं. इंटरनेटला कनात नाही. आपला खेळ सुपारीचा आहे, आणि सुपारी देणारा एकच प्रायोजक असायला हवा असं कुठे आहे? यात्रेची वर्गणी घराघरांतून निघते. ज्याने वर्गणी दिली नाही त्याला कुणी उठवत नाही, पण ज्याने दिली त्याचं नाव माइकवर घेतात. तुमच्या फायनलसाठी माझ्या मनात हेच आहे.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण डोटा 2 या गेमचं. तो बनवणाऱ्या व्हॉल्वची ‘द इंटरनॅशनल’ ही स्पर्धा बघायला कायम फुकट. 2013 मध्ये त्यांनी 10 डॉलरचं ‘कम्पेंडियम’ काढलं. त्यात स्पर्धेची माहिती, अंदाज वर्तवायचे खेळ, गेममधल्या काही वस्तू होत्या, आणि त्यातले अडीच डॉलर थेट बक्षिसात जायचे. 16 लाख डॉलरचं बक्षीस 28 लाखांच्या वर गेलं. पुढच्या वर्षी 1 कोटी 9 लाख. 2021 मध्ये 4 कोटी डॉलर. लोक पुन्हा पुन्हा आकडा बघायचे, आपण भर घातली म्हणून अभिमानाने बोलायचे. मग 2023 मध्ये व्हॉल्वने कम्पेंडियममधून त्या आकर्षक वस्तू काढून टाकल्या आणि बक्षीस 32 लाखांच्या आसपास येऊन थांबलं. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवा. निव्वळ ‘स्पर्धेला मदत करा’ म्हणून थोडे पैसे येतात; ‘मदत करा आणि हे घ्या’ म्हटलं की कितीतरी जास्त येतात. तुमच्याकडे गेममधल्या वस्तू विकायचा अधिकार नाही, तो बीजीएमआय बनवणाऱ्या क्राफ्टन कंपनीचा. त्यामुळे देण्यासारखं दुसरं काय आहे ते शोधावं लागेल.

कोरियाच्या जीएसएलनेही एक धडा दिलाय. 2010 मध्ये गॉमटीव्हीने स्टारक्राफ्ट 2 ची ही लीग सुरू केली. थेट सामना कमी दर्जाच्या चित्रात फुकट, चांगलं चित्र आणि जुने सामने सीझनच्या तिकिटावर. सामने कोरियात संध्याकाळी व्हायचे, म्हणजे अमेरिकेत भल्या पहाटे किंवा मध्यरात्री. तिथला प्रेक्षक झोपेतून उठू शकत नव्हता, म्हणून रेकॉर्डिंगला पैसे देत होता. त्याची अडचण खरी होती आणि तिकीट ती सोडवत होतं. नाशिकची फायनल रविवारी दुपारी चार वाजता आहे. तिथे अशी कुठलीच अडचण नाही.

ओव्हरवॉच या गेमच्या लीगने 2018 मध्ये ट्विचवर 29.99 डॉलरचा ऑल-अॅक्सेस पास काढला, त्यात पुढे वेगवेगळ्या खेळाडूंच्या नजरेतून सामना बघायची सोय दिली. मुख्य प्रक्षेपण फुकटच होतं. ही कल्पना मला आवडली होती आणि अजूनही आवडते. पण खेळाडूगणिक चित्र पकडायचं म्हणजे मोबाइल गेममध्ये प्रत्येक फोनला केबल, कॅप्चर कार्ड आणि एक माणूस. सोळा संघांचे चौसष्ट फोन. तुमच्या पाच जणांत ते होणार नाही, त्याच्या नादाला लागू नका.

तुम्हाला जमेल असं एक काम आहे: संघांचं आपसातलं बोलणं. फायनलला प्रत्येक संघाचा व्हॉइस कॉल रेकॉर्ड करायला खेळाडूंची आधी लेखी संमती घ्या. थेट ऐकवू नका, कारण कुणीतरी ऐकून दुसऱ्या संघाला सांगेल. डिले ठेवला तरी शंका राहते, आणि शंका आली की स्पर्धेची पत जाते. सामना संपल्यावर विजेत्या संघाच्या शेवटच्या दोन सर्कलचं बोलणं चित्राला जोडा. ‘डावीकडे दोन, झाडामागे, थांब, थांब, आत्ता नको’ अशा दबक्या आवाजातल्या त्या चाळीस सेकंदांत खेळाचं सगळं नाट्य असतं. त्यावर एखाद्या जाणत्या खेळाडूला बसवून तासाभराचं विश्लेषण करा. गाडी त्या टेकडीवर का सोडली, स्मोक कधी टाकला, तिसरा माणूस उशिरा का आला, हे सगळं मराठीत. हे यूट्यूबच्या सदस्यांसाठी ठेवा. आपल्याकडे मेंबरशिपचे दर 29 रुपयांपासून ठेवता येतात, यूट्यूब 30 टक्के घेतं, पण डेटाचा खर्च, लॉगिन, पेमेंटची कटकट सगळी त्यांच्या गळ्यात. जी मुलं स्वतः स्क्रिम, म्हणजे सरावाचे सामने, खेळतात, ज्यांना पुढच्या वर्षी तुमच्याच स्पर्धेत उतरायचंय, त्यांना हे शिकवणीसारखं आहे. शिकवणीला पैसे द्यायचे असतात हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला माहीत आहे.

दुसरं, बक्षिसाची वर्गणी. स्ट्रीमच्या कोपऱ्यात आकडा ठेवा. वर्गणीतला किती हिस्सा बक्षिसात आणि किती खर्चाला, ते पहिल्या दिवसापासून पडद्यावर लिहा. देणाऱ्याचं नाव कास्टरने, म्हणजे समालोचकाने, घ्यायचं, नीट उच्चारून, गावासकट. ‘सिन्नरहून’, ‘मनमाडहून’ हे शब्द मराठी स्ट्रीमवर ऐकू आले की चॅट कसं पेटतं ते बघा. इथे मात्र एक गोष्ट कटाक्षाने पाळा. वर्गणी देणाऱ्यांतून विजेता ओळखणाऱ्याला रोख बक्षीस, असलं काही करू नका. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आहे, पण पैसे भरून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदीही घातली आहे. तिकिटाला अंदाजाची स्पर्धा जोडलीत की तुमची स्वच्छ स्पर्धा त्या बंदीच्या तावडीत सापडू शकते. वकिलाला एकदा दाखवून घ्या, तिथे पैसे वाचवू नका.

तिसरं, ज्याला कनात घालता येते ते करा: फायनल एका हॉलमध्ये भरवा आणि खुर्चीला तिकीट लावा. दीडशे खुर्च्यांचा हॉल पुरे. आवाज, मोठा पडदा, खेळाडूंना हात लावता येईल एवढं अंतर. ऑनलाइनवाल्यांना फुकट दाखवल्याने हॉल रिकामा राहत नाही, उलट पडद्यावर गर्दी दिसली की पुढच्या वेळी लोकांना तिथे असावंसं वाटतं. 2019 च्या एप्रिलमध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ईएसएल वन मुंबई ही स्पर्धा झाली. डोटा 2 सगळ्या जगाला घरबसल्या फुकट दिसत होतं, तरी लोक तिकीट काढून तिथे आले होते. तुमचा हॉल लहान असेल, कारण तेच आहे.

यातलं काहीही करण्याआधी क्राफ्टनला लिहा. गेम त्यांचा आहे, स्पर्धा भरवायची परवानगी त्यांची आहे, आणि प्रेक्षकांकडून कुठल्याही रूपात पैसे घेण्याबद्दल त्यांच्या अटी काय आहेत ते लेखी हवं. ही औपचारिकता समजू नका. 2010 मध्ये कोरियात स्टारक्राफ्ट बनवणाऱ्या ब्लिझार्डने त्याच्या प्रक्षेपणाचे हक्क गॉमटीव्हीला दिले आणि दहा वर्षं ते सामने दाखवणाऱ्या टीव्ही वाहिन्यांवर खटले भरले. 2011 मध्ये तडजोड झाली. ज्यांनी तो खेळ घराघरांत नेला त्यांनाही ‘हा खेळ कुणाचा?’ या प्रश्नातून सुटका मिळाली नाही. शिवाय आपल्या गेमचं तर तुम्हाला माहीतच आहे: 2022 च्या जुलैत बीजीएमआय स्टोअरवरून गायब झाला तो 2023 च्या मेमध्ये परतला. पुढच्या वर्षाची आगाऊ तिकिटं किंवा वर्षभराचे पास विकून ठेवले आणि असं काही झालं, तर ते पैसे तुम्हाला परत करावे लागतील. म्हणून वर्षाचं काही विकू नका, त्या त्या फायनलपुरतंच घ्या.

एवढं सगळं वाचूनही पे-पर-व्ह्यूच करायचं ठरवलंत, तर निदान ही फायनल सोडा. आधी एखादा प्रदर्शनीय सामना घ्या, जो दुसरीकडे कुठेही दिसणार नाही. दोन जुन्या प्रतिस्पर्धी संघांचा, तास-दीड तासाचा. लहान असल्याने डेटाचा खर्च आटोक्यात राहील आणि चुकलात तरी वर्षाची स्पर्धा पणाला लागणार नाही. पैसे परत करायचा नियम तिकिटाच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. परत करायची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. आणि सपोर्टच्या मेसेजना उत्तर द्यायला असा माणूस बसवा ज्याचं त्या दिवशी दुसरं काहीही काम नाही. ऑब्झर्व्हरला हात लावू नका.